दाराआडचा मुलगा

१८ नोव्हेंबर

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण आरशाच्या वर घड्याळ होतं आणि मी लाजून तिच्याऐवजी त्याच्याकडेच बघत बसलो होतो. मेकअपवाली मुलगी माझ्या गालावर चावल्याची जखम रंगवत होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, "दुखत नाही ना?"

रंगाची जखम, ती काय दुखणार. पण मला असं कोणी विचारून किती दिवस झाले कोण जाणे. मी म्हणालो, "थोडं दुखतंय." ती हसली. तिचं नाव बोराम.

गावाबाहेरची आमची जुनी शाळा मुलं संपली म्हणून बंद पडली होती. ती सोलच्या टीव्हीवाल्यांनी महिनाभर घेतली आहे. झॉम्बींची मालिका करतायत. चाळीस मुडदे पाहिजे होते. कॉलेज अर्धवट सोडलेला, लष्करातून सुटून आलेला, बंदरावर दोनदा मारामारी करून दोन्ही कामं घालवलेला असा मी, योम थेसान, मुडदा क्रमांक एकोणतीस झालो. आई म्हणाली, "चला, मेल्यावर तरी कामाला लागलास."

देवाचे आभार मानायची मला सवय नाही. आज मानले.

१९ नोव्हेंबर

मो सर आम्हाला चालायला शिकवतात. ते पूर्वी नाचायचे. आता गुडघे गेलेत. मला म्हणाले, "एकोणतीस, तू भांडायला निघाल्यासारखा चालतोस. मेलेल्याला कोणाचा राग नसतो. त्याला एकच जागा आठवत असते, तो तिकडे निघालेला असतो. बस."

"कुठली जागा, सर?"

"ते तुझं तू ठरव. मला सांगत बसू नकोस."

मी आमचं घर ठरवलं. बंदरावरून वर येणारा चढ, वाकडा विजेचा खांब, निळं फाटक. ओले बूट, जड पाय. दुसऱ्या खेपेला सरांनी सगळ्यांना थांबवलं. "हा बघा," म्हणाले. उनचाळीस मुडदे माझ्याकडे बघत होते. बोरामही बघत होती असं मला वाटतं, नक्की नाही.

शंभर माणसांचं जेवण गावातल्या बायका एका गाडीवर करतात. त्यात आई आहे. दुपारी रांगेत तिच्यासमोर आलो तर तिने डाव थांबवून माझ्या गालाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "भात जास्त घालू?"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. मेलेल्यालाही भूक लागते."

मागचे सगळे हसले. मुळ्याचं गरम कालवण होतं, आणि हाताला ऊब द्यायच्या पुड्या फुकट वाटत होते. चांगली माणसं आहेत.

२२ नोव्हेंबर

सुट्टी. आईला किमची घालायला मदत केली. साठ गड्डे कोबी. बोटं अजून मिरचीने पेटलीत, पेन धरवत नाही.

संध्याकाळी रोजच्यासारखी दुलई उचलून पाहिली. दादाचं वाडगं जागेवर होतं. आमच्या खोलीत खालून तापवलेली जमीन जिथे सगळ्यात जास्त गरम असते त्या कोपऱ्यात आई रोज त्याचा भात झाकून ठेवते. पितळेचं वाडगं, वर झाकण, त्यावर दुलई. घरातलं माणूस बाहेर असलं की त्याचा भात गार होऊ द्यायचा नाही. दादा तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात माकुळ मासा धरायच्या बोटीवर गेला, तो अजून आलेला नाही. बोटीची फळकुटं सापडली. माणसं सापडली नाहीत. फळकुटं म्हणजे माणूस नव्हे, हे मी त्याच वेळी तटरक्षकवाल्यांना सांगितलं होतं.

पहिलं वर्ष भरलं तेव्हा मी लष्करातून सुट्टीवर आलो, तर काकांनी घरात मेलेल्यांसाठी मांडतात तसं ताट मांडलेलं. फळं, मासे, उदबत्त्या, दादाचा फोटो. मी ते टेबल दोन्ही हातांनी उलथून टाकलं. काका मला मारायला धावले. आई खाली बसून भाताची शितं वेचत राहिली. तिच्या मनातलं मी केलं म्हणून ती गप्प राहिली. पुन्हा कोणी त्या गोष्टीचं नाव काढलेलं नाही.

बाबा गेले त्या दिवशीचं ताट आता दरवर्षी काका मांडतात, दादा येईपर्यंत. पूर्वी दादा मांडायचा. मला आठवतं, भातात चमचा उभा खोचला की आम्ही सगळे खोलीबाहेर यायचो आणि दादा दार लावून घ्यायचा. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये म्हणून. नऊ घास होतील एवढा वेळ थंडीत उभं राहायचं. मला हमखास हसू यायचं. दादा दंडाला चिमटा काढून म्हणायचा, "गप. बाबा जेवतायत." मग तीनदा खाकरून दार उघडायचा.

हे आज का लिहिलं, माहीत नाही. बोरामबद्दल लिहायला बसलो होतो.

२६ नोव्हेंबर

मालिकेची गोष्ट आज पूर्ण कळली. शाळेच्या सभागृहात तीस माणसं लपली आहेत. स्वयंपाकीणबाईंच्या मुलाला चावा बसलाय. ती त्याला खेळाच्या सामानाच्या खोलीत ठेवते, किल्ली कमरेला, आणि सगळ्यांना सांगते की पोराला ताप आहे. पोराचे डोळे पांढरे, मान वाकडी, दाराला नखं घासतोय, आणि ही म्हणते, "झोपेत कूस बदलतोय." मी हसत सुटलो. एवढं ढळढळीत समोर असताना कोणी इतकं आंधळं असतं का? तीस माणसांचा जीव टांगलाय आणि बाई दाराखालून पेज सरकवतेय. मी तिथे असतो तर पहिल्याच दिवशी किल्ली हिसकावली असती.

मो सर म्हणाले, "तू हिसकावली असतीस, हो. तू सगळंच हिसकावतोस."

दुपारी मुलाचं काम करणारा पोरगा ओल्या जिन्यावरून घसरला. घोटा गेला. दिग्दर्शक डोकं धरून बसले. मो सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "उंची तीच आहे. आणि हा घरी जाणारा मुडदा आहे."

तर मी आता दाराआडचा मुलगा. संवाद एकही नाही. पण मेकअपला दोन तास लागतात. दोन तास. त्या पोराचा घोटा लवकर बरा होवो, पण फार लवकर नको.

२८ नोव्हेंबर

दोन तास तिच्या खुर्चीत. तिच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास येतो. पांढऱ्या भिंगांनी डोळ्यांतून पाणी येतं, ते ती कापसाने टिपते आणि म्हणते, "रडू नकोस रे, माझा रंग जातो." मी म्हणालो, "तुझ्यासाठी रडायला काय हरकत आहे?" ती म्हणाली, "हनुवटी वर." यात नकार कुठे आहे, मला तरी दिसला नाही.

मध्येच तिला फोन आला. इन्सू नावाचा कोणी. जेवलास का, मफलर घातलास का, पडद्यांचा रंग तूच ठरव. भाऊ असणार. बहिणी भावांची अशीच काळजी घेतात. भावाशी इतकं प्रेमाने बोलणारी मुलगी मनाने चांगलीच असते.

१ डिसेंबर

मालिकेत त्या आईचं काम करणाऱ्या प्यो बाई सत्तरीच्या आहेत. गावातल्या बायका त्यांना बघायला वेशीपर्यंत येतात. आज उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला शेजारी बसवून घेतलं, सोललेलं भाजकं रताळं हातात दिलं.

"परवा दाराचा मोठा प्रसंग आहे," म्हणाल्या. "लेखक म्हणतो आईने दार उघडायचं आणि मुलाने तिला खायचं. मला ते पटत नाही. खऱ्या आया अशा सोप्या नसतात. तुझी आई काय करेल रे?"

मी म्हणालो, आमच्याकडे असं काही नाही, पण दादा बाहेर आहे, त्याचा भात आई रोज झाकून ठेवते. वाडग्याचं सांगितलं, दुलईचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?" मी सांगितलं. त्या रताळं खायच्या थांबल्या.

"आणि तुझी आई म्हणते की तो येणार आहे?"

विचार करून पाहिलं. आई तसं कधी म्हणाल्याचं आठवलं नाही. मी म्हणालो, "म्हणायला कशाला हवं? भात ठेवते ना."

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. इतकी मोठी नटी, पण तळवा आमच्या बंदरावरच्या बायकांसारखा खरखरीत. नंतर त्या जेवणाच्या गाडीकडे जाताना दिसल्या. आईशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. आईला आज आनंद झाला असेल.

३ डिसेंबर

आजचा दिवस लिहू नये असं वाटतं. पण न लिहून तो जाणार नाही.

इथे प्रसंगाची पानं कधीकधी त्याच दिवशी सकाळी हातात येतात, शाई ओली. आज मला पान मिळालंच नाही. म्हणाले, तू आतच आहेस, तुला काय करायचंय, नखं घास. मी आत. दाराला वर काचेची झडप आहे, तिच्यातून पलीकडचं दिसतं. कॅमेरा चालू झाला. प्यो बाई हळूहळू आल्या. हातात दुलईत गुंडाळलेलं काहीतरी. उंबऱ्याशी बसल्या, दुलई सोडली. आत पितळेचं वाडगं. झाकणाला उजवीकडे पोचा.

तो पोचा मी पाडलेला. सहा वर्षांचा होतो, वाडगं डोक्यावर घालून टोपी म्हणून नाचत होतो आणि पडलो. ते दादाचंच वाडगं होतं.

मी लाथ मारली. दार नाटकातलं, बिजागरीसकट बाहेर गेलं. दिव्याचा खांब आडवा झाला. मी ओरडलो, कुणाच्या परवानगीने आणलंत, तो यायचाय अजून, आज आला तर कशात जेवेल. असंच काहीतरी. प्यो बाईंना मी काय काय बोललो ते लिहिणार नाही. त्या उठल्या नाहीत, वाडगं पोटाशी धरून बसून राहिल्या. दिग्दर्शक लालबुंद. आणि सगळ्यांच्या मागे आई, हातात डाव.

आई म्हणाली, "मी दिलं."

मी तसाच, तोंडावर रक्त आणि पांढरे डोळे, घरापर्यंत चालत आलो. फाटकाशी पोहोचल्यावर लक्षात आलं की सगळा चढ मी मो सरांनी घोटून घेतलेल्या चालीनेच चढलो होतो.

४ डिसेंबर

काल संध्याकाळी आई घरी आली. वाडगं धुतलं, भात भरला, झाकलं, रोजच्या कोपऱ्यात ठेवलं. मग खोबरेल लावून माझ्या तोंडावरचा रंग काढायला बसली. बोलणं झालं ते असं. आठवतं तसं लिहितो.

मी म्हणालो, "तू त्याला मेला म्हणालीस."

"मी काही म्हणाले नाही. त्या बाईने विचारलं, वाडगं बघू का. मी दाखवलं."

"म्हणजे तुझ्या मते तो…"

"थेसान, माझा नवरा मासेमार, माझा बाप मासेमार. डिसेंबरातला समुद्र मला तू शिकवणार? चौथ्या दिवशीच मला कळलं होतं."

"मग हा भात कोणासाठी ठेवतेस?"

ती कापसाचा बोळा बदलत म्हणाली, "रोज दुलई उचलून कोण बघतं?"

मी कोपऱ्यातल्या दुलईकडे पाहिलं.

"पहिल्या वर्षी तू ताट उलथलंस. मला वाटलं, याला अजून वेळ पाहिजे. थांबू. थांबले. एखाद्या दिवशी वाडगं नसतं तर तुझं तोंड मला बघवलं नसतं."

"तू मांडायचंस ना पुन्हा. मी नसताना."

"मी कशी मांडणार? आई मुलापुढे डोकं टेकत नाही. बायको नाही, मूल नाही त्याला. मागे राहिलास तू. धाकट्याने वाकायचं असतं. पहिल्या वर्षी काका आपणहून मांडायला आले, तर तू त्यांनी मांडलेलं उधळलंस." बोळा खोबरेलात बुडवून म्हणाली, "तीन वर्षं पोर उपाशी आहे. झाकलेला भात त्याला पोहोचत नाही. तो जिवंताचा असतो. सकाळी मी खाते तो."

रंग निघाला होता तरी ती तोंड पुसतच होती.

त्या मालिकेतल्या बाईला मी हसलो होतो. किल्ली कमरेला कोणाच्या होती, ते आता मला दिसतं. मी चिडलो नाही. कोणावर चिडायचं ते सापडेना, म्हणून आईचे पाय चेपले. तिने चेपू दिले, हेच पुष्कळ.

५ डिसेंबर

सकाळी सेटवर गेलो, सगळ्यांसमोर प्यो बाईंपुढे गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला लावलं. त्या म्हणाल्या, "ऊठ. मी तुलाही विचारायला हवं होतं. आईची परवानगी घेतली आणि भावाची विसरले. चूक माझी." मग म्हणाल्या, "लाथ मात्र छान मारतोस."

दिग्दर्शक म्हणाले, "दार तू बसवून दे." मी आणि सुतार, दोन तास. मग नवीन पान आलं. या वेळी मलाही दिलं, आणि वाडगं वापरायचं का, असं मला विचारलं. मी हो म्हणालो.

नवीन पानात आई दार उघडत नाही. वाडगं उंबऱ्याशी ठेवते, सभागृहात जाते आणि तीस माणसांना सांगते, "माझा मुलगा तिथे आहे. तो मेला त्याला तीन दिवस झाले. मी तुमच्याशी खोटं बोलले." आणि किल्ली टेबलावर ठेवते. एवढंच. सभागृह खूप लांब, मी दाराआड काळोखात, तरी बाईंचा शब्द न् शब्द ऐकू आला. त्या वेळी मी नखं घासायची होती. विसरलो. हात दारावर तसाच राहिला.

दिग्दर्शक म्हणाले, "नखं थांबली ते ठेवू. चांगलं आहे."

मेकअप उतरवताना बोरामने मला एक जाड पाकीट दिलं. मोत्याच्या रंगाचा कागद. वसंतात लग्न आहे, इन्सूशी. पत्रिका तिला स्वतःच्या हाताने द्यायची होती. मी म्हणालो, "अभिनंदन." आवाज बरा लागला. ती म्हणाली, "येशील ना? तुझ्यासारखा शांत बसणारा मला दुसरा मिळाला नाही." मला आयुष्यात प्रथमच कोणी शांत म्हटलं. दुखलं, थोडं नाही, चांगलंच दुखलं. पण पहिल्या दिवशी तिनेच विचारलं होतं दुखतंय का म्हणून, आणि त्या प्रश्नावर माझे पंधरा दिवस सुखाचे गेले. तिला शिव्या देणारा मी कोण. जाईन लग्नाला.

१० डिसेंबर

शूटिंग संपलं. शाळा पुन्हा रिकामी. मो सर जाताना म्हणाले, "एकोणतीस, कुठे जायचं ठरवलं होतंस ते आता सांगितलंस तरी चालेल." सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच. ओले बूट होते ना?"

काकांकडे गेलो. माफी मागितली. ताट कसं मांडतात ते विचारलं. काकांनी आधी अर्धा तास झापलं, मग कागदावर काढून दिलं. मासे पूर्वेला, मांस पश्चिमेला, लाल फळं पूर्वेला, पीच अजिबात नको, त्याला भिऊन आत्मे पळतात. मिरची लसूण नको, आणि वाकटी मासाही नको, त्याखाली रेघ. कागदाच्या खाली लिहिलं, "टेबल जड असावे." काका कधी विनोद करत नाहीत. हा केला.

१२ डिसेंबर

दादा ज्या दिवशी निघाला तो दिवस. बुडाला तो दिवस माहीत नाही, म्हणून हाच धरला.

दिवसभर आई आणि मी स्वयंपाक केला. तिने सगळं काकांच्या कागदाप्रमाणे केलं आणि शेवटी तव्यावर वाकटी टाकली. मी म्हणालो, "ही चालत नाही. काकांनी खाली रेघ मारलीय."

"त्याला दुसरं काय आवडायचं?"

"वाकटीच."

"मग. बाकी सगळं पाळलं ना? एवढं मोडू. तीन वर्षांनी येतोय, आवडीचं नको?"

संध्याकाळी दिवे लावले. काका आले, भिंतीला टेकून उभे राहिले, टेबलापासून लांब. त्याला यायला म्हणून पुढचं दार आणि फाटक उघडं ठेवलं. समुद्रावरचा वारा सरळ आत येत होता, उदबत्तीचा धूर आडवा झाला. मी बाहेर चढाकडे पाहिलं. खांब तसाच वाकडा. त्याला रस्ता चुकणार नाही.

तांदळाची दारू ओतली. दोनदा वाकलो. दुसऱ्यांदा कपाळ जमिनीला लागलं तिथे जमीन गरम होती. वाडग्याचाच कोपरा तो. दुलई आईने घडी करून वर ठेवून दिली होती. आई वाकली नाही. उभी राहून एवढंच म्हणाली, "ये रे. गार व्हायच्या आत."

झाकण मी काढलं. वाफ आली. चमचा भातात उभा खोचला. काकांनी मान हलवली, बरोबर आहे. मनात पुष्कळ बोलायचं ठरवून ठेवलं होतं, कॉलेजबद्दल, बोरामबद्दल, त्या टेबलाबद्दल. तिथे एवढंच सुचलं की दादा, तू मला चिमटे काढलेस त्याबद्दल आभार. आणि आईला मी तीन वर्षं थांबायला लावलं, ते तू तिला समजावून सांग.

आधी काका बाहेर गेले. मग आई गेली, उंबऱ्याशी थांबली, वळून वाडग्याकडे पाहिलं आणि गेली. आता खोलीत आम्ही दोघंच. तो आणि मी. मला हसू येईल अशी भीती होती. आलं नाही.

तो सावकाश जेवायचा. शेवटचा मासा काट्यासकट चोखून खायचा आणि आई ओरडायची. नऊ घासांत त्याचं काय होणार. मी ठरवलं, खाकरायला जरा उशीर करायचा. काकांना थंडी वाजली तर वाजली.

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.